पाणी घालण्याआधी

घरातले झाड सुकायला लागले की आपल्यापैकी बहुतेक जण पहिली गोष्ट एकच करतात. पाणी घालतात. दोन दिवसांनी ते आणखी मलूल दिसले की आणखी घालतात. तरी फरक पडला नाही तर खत टाकतात, उन्हात ठेवतात, कुंडी बदलतात, आणि हे सगळे एकाच आठवड्यात. झाड गेले की म्हणतात, "आमच्या हाताला झाडे लागतच नाहीत."

माझे मत असे आहे की घरात मरणाऱ्या झाडांपैकी बरीच झाडे आपल्या काळजीनेच मरतात. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या घरात जे घडले ते पाहिल्यावर मला दुसरे काही म्हणता येत नाही.

अम्मीच्या इंतकालानंतर अब्बा सोलापूरचे घर बंद करून आमच्याकडे पुण्याला आले. सोबत दोन बॅगा, औषधांचा डबा आणि तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा. त्या डब्यात अम्मीचा मनी प्लांट होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिने तो शेजारच्या काकूंकडून आणला होता. मनी प्लांट चोरून आणला तरच घरात बरकत येते असे लोक मानतात. अम्मीला ते पटले नाही. तिने सरळ कडी वाजवून फांदी मागितली. काकू हसून म्हणाल्या होत्या, "अहो भाभी, मागून नेलेला लागत नाही म्हणतात." तो लागला. सोलापूरच्या पडवीत त्याने छत गाठले होते. आणताना अब्बांनी वरचा वेल छाटला आणि हातभर उंचीचा बुंधा डब्यासकट आणला.

आमच्या हॉलमध्ये तो गंजका डबा शोभेना. म्हणून मी एक पांढरी, गुळगुळीत कुंडी विकत आणली आणि डबा तसाच तिच्यात ठेवला. जागा ठरली टीव्हीच्या बाजूचा कोपरा. अब्बा रोज सकाळी फजरच्या नमाजनंतर लोटाभर पाणी घालत. सोलापुरात अम्मी घालायची तसेच.

ऑगस्टमध्ये खालची पाने पिवळी पडू लागली. मग काही पानांवर काळे डाग आले. वेलाचा शेंडा मान टाकून बसला. अब्बांनी संध्याकाळीही पाणी घालायला सुरुवात केली. त्या दिवसांत ते घरात फार बोलत नसत. बोलले तर त्या झाडाबद्दल. एकदा फोनवर ते माझ्या बहिणीला म्हणाले, "तेही जाणार बहुतेक." मी शेजारच्या खोलीत होतो. ते वाक्य ऐकून मला बाहेर यावेसे वाटले नाही.

पाणी जास्त होत असावे अशी शंका मला आली होती. पण दिवसभरात अब्बा जे एकच काम मनापासून करत होते, ते करू नका असे कसे सांगायचे? मी गप्प राहिलो. वर स्वतःची भर घातली. नर्सरीतून द्रवखताची बाटली आणली. एक दिवस कुंडी उचलून बाल्कनीतल्या दुपारच्या उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत वरची दोन पाने भाजल्यासारखी पांढरी पडली.

शेवटी एका रविवारी मी पत्र्याचा डबा बाहेर ओढून काढला. पांढऱ्या कुंडीच्या तळाशी चार बोटे पाणी साचले होते आणि त्याला गटारासारखा वास येत होता. अम्मीने त्या डब्याच्या बुडाला खिळ्याने सहा-सात भोके पाडली होती. मी आणलेल्या कुंडीला एकही नव्हते. अब्बांचा लोटा सोलापुरात खालून निघून जात होता. इथे तो माझ्या कुंडीत साठत होता.

झाड असे का सुकते हे समजून घेण्यासारखे आहे, कारण फसगत इथेच होते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन मुळे घेतात. ती पोकळी पाण्याने भरली की ऑक्सिजन पोहोचत नाही, कारण तो हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू पाण्यातून पसरतो. मुळे गुदमरतात, मरतात, आणि मेलेल्या मुळांवर कुजवणारे जंतू वाढतात. मेलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभे असते आणि पाने तहानेने सुकतात. वरून पाहणाऱ्याला फक्त सुकलेले पान दिसते. तो पाणी घालतो.

मी हे अब्बांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग बाटलीत कसा जगतो? लोक नुसत्या पाण्यात वर्षानुवर्षे ठेवतात."

प्रश्न योग्य होता. उत्तर असे की पाण्यात फुटलेली मुळे पाण्यातच राहायला घडलेली असतात. मातीत वाढलेल्या मुळांची घडण वेगळी असते. शिवाय बाटलीतले पाणी आपण बदलतो, त्यात कुजण्यासारखे फारसे काही नसते. डब्यातल्या चिखलात जुनी पाने, खत, मेलेली मुळे असतात. उरलासुरला ऑक्सिजन त्यांना कुजवणारे जंतूच संपवतात. अब्बा थोडा वेळ डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण ती रोज घालायची."

हेही खरे होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो, हवा कोरडी, पडवीत दिवसभर उजेड, पत्र्याचा डबा तापलेला. सकाळचा लोटा संध्याकाळपर्यंत संपून जायचा. पुण्यातल्या पावसाळ्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात, दमट हवेत तेवढेच पाणी आठवडाभर पुरते. झाडाला किती पाणी लागते ते उजेड, उष्णता आणि वारा ठरवतात. रोजचा नेम ठरवत नाही. अब्बांची पद्धत चुकीची नव्हती. घर बदलले होते आणि पद्धत तीच राहिली होती.

त्या रविवारी आम्ही दोघांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि झाड डब्यातून काढले. चांगले मूळ पांढरट आणि घट्ट असते. कुजलेले तपकिरी, मऊ, आणि चिमटीत धरून ओढले की वरची साल निघून आत दोरा उरतो. आमच्या हातात जवळजवळ दोरेच आले. कात्री स्पिरिटने पुसून कुजके सगळे कापले. दोन-तीन मुळे उरली. उरलेला बुंधा एका लहान कुंडीत, कोरड्या मातीत भरड वाळू आणि कोकोपीट मिसळून लावला. कुंडी मुद्दाम लहान घेतली, कारण मुळे थोडी आणि माती खूप असली की ती माती दिवसेंदिवस ओली राहते. तळाशी खडीचा थर द्यायचा मोहही टाळला. त्याने निचरा वाढतो असा आपला समज आहे. प्रत्यक्षात वरची माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही, त्यामुळे चिंब मातीचा पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरतो.

वेलाचा जो भाग अजून हिरवा आणि टणक होता त्याचे आम्ही पाच तुकडे केले. प्रत्येकात किमान एक पेर ठेवले, म्हणजे जिथून पान निघते आणि शेजारी हवाई मुळाचा बारीक तपकिरी कोंब दिसतो ती जागा. नुसते पान पाण्यात ठेवले तर ते महिनोन्महिने हिरवे राहील, पण त्याचा वेल होणार नाही. पेर पाण्यात, पान पाण्याबाहेर, बाटली खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही, पाणी आठवड्याला बदलायचे. काम झाल्यावर हात धुतले, कारण या वेलाच्या चिकाने खाज सुटते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर वेल त्यांच्या तोंडापासून लांबच हवा.

त्यानंतर काहीच करायचे नव्हते आणि तेच सर्वांत अवघड गेले. अब्बा रोज सकाळी लोटा घेऊन येत आणि थांबत. मीही रोज बघत होतो. ओळखीचे लोक उपाय सांगत होते. चहाचा चोथा घाला, दूधपाणी घाला, तांदूळ धुतलेले पाणी घाला, अ‍ॅस्पिरिनची गोळी विरघळवून घाला. यातल्या प्रत्येकाचा हेतू चांगला होता. पण ज्या झाडाला मुळेच उरलेली नाहीत त्याला खत देणे म्हणजे जुलाब झालेल्या माणसाला बिर्याणी वाढणे. खतातले क्षार उरलीसुरली मुळेही भाजून टाकतात. नवे पान आल्याशिवाय खत नाही, हा नियम मी आता पाळतो. पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही, हेही मान्य करावे लागते. सुधारणा बघायची तर जुन्या पानांत नव्हे, नव्या कोंबात.

या सगळ्यात बाजाराचाही वाटा आहे. आपल्याला झाड विकले जाते ते वस्तू म्हणून. 'देखभाल लागत नाही' आणि 'हवा शुद्ध करते' अशा चिठ्ठ्या लावून. हवेचा हा दावा १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगांवर उभा आहे. ते प्रयोग बंद पेट्यांत केले होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा निष्कर्ष निघाला की इमारतीत नेहमी खेळणाऱ्या हवेइतके काम करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील. खिडकी उघडणे सोपे. पण झाडाला एकदा यंत्र मानले की आपण त्याच्याकडे बघतही नाही आणि बिघडले की यंत्रासारखेच ठोकतो. भोक नसलेली सुंदर कुंडी विकणारा जितका दोषी, तितकाच ती घेणारा मीही.

निकाल सांगतो. डब्यातला जुना बुंधा वाचला नाही. दोन आठवड्यांत तो काळा पडला. पाच तुकड्यांपैकी दोन कुजले. उरलेल्या तिघांना तिसऱ्या आठवड्यात पांढरी मुळे फुटली.

बुंधा गेला त्या दिवशी अब्बा गप्प होते. तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी मला स्वतःलाही नुकतीच कळली होती. मनी प्लांट मूळचा दक्षिण प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा. त्याला फुले जवळजवळ येतच नाहीत. लागवडीतल्या वेलाला आपोआप फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ सालची आहे. फुले येण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक त्याला नीट बनवता येत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. फूल नाही म्हणून बी नाही. म्हणजे आपल्या घरांमधला मनी प्लांट कुणाच्या ना कुणाच्या फांदीपासूनच आलेला असतो. अम्मीचा वेल म्हणजे काकूंचाच वेल, आणि बाटलीतला तुकडा म्हणजे अम्मीचाच.

"म्हणजे तो काकूंकडेही आहे," अब्बा म्हणाले.

मला जाणवले की त्या महिन्यांत आम्ही अब्बांशीही तसेच वागत होतो. पाहुणे बोलावत होतो, ताट भरत होतो, नवा फोन दिला होता, सहलीचे बेत आखत होतो. ते जितके कोमेजत तितके आम्ही अधिक काहीतरी करत होतो. त्यांना काय हवे आहे हे कुणी विचारले नव्हते. विचारले तेव्हा ते म्हणाले, सोलापूरच्या घरी चार दिवस एकटे राहू द्या. ते जाऊन आले. हे कळायला मला एक कुजलेली कुंडी बघावी लागली, याची थोडी लाज वाटते.

तुमच्या घरात एखादे झाड सुकत असेल तर माझे एवढेच सांगणे आहे. आज पाणी घालू नका. आधी कुंडी उचलून वजन बघा, बोट दोन पेरे मातीत घाला, तळाला भोक आहे का ते बघा, वास घ्या. माती खरोखर कोरडी असेल तर भरपूर घाला, खालून निघेपर्यंत. ओली असेल तर मुळे बघा. जागेला उजेड कमी असेल तर खिडकीजवळ न्या, पण एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने बरे वाटले ते कळेल. मग थांबा.

मुळे बोटभर झाल्यावर तीनपैकी एक तुकडा अब्बांनी बहिणीला दिला, एक माझ्या मुलीच्या खोलीत बाटलीतच आहे. तिसरा त्यांनी त्याच तेलाच्या डब्यात लावला. भोके खिळ्याने पुन्हा मोकळी केली आणि पांढरी कुंडी मला कपाटावर ठेवायला सांगितली. पाण्यात फुटलेली मुळे मातीची सवय करून घेईपर्यंत पहिले दोन आठवडे माती दमट ठेवावी लागली. तेवढे सोडले तर आता डबा खिडकीत असतो. अब्बा अजूनही फजरनंतर लोटा भरतात. आधी बोट मातीत घालतात. बऱ्याच सकाळी तो भरलेला लोटा ते तसाच परत आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतात.