तालुक्याचा स्वतःचा आवाज : रेडिओ कोणाचा आणि कोणासाठी?

८ डिसेंबर २०२३ चा दिवस चांदवड तालुका विसरलेला नाही. केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि बघता बघता मुंबई-आग्रा रस्त्यावर आपले लोक उतरले. ११ डिसेंबरला तर चांदवडचा रास्ता रोको राज्यभर गाजला. पुढे ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे राहिले. शेवटचे २० टक्के शुल्क जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

या सगळ्या काळात एक गोष्ट ध्यानात आली असेल. निर्णय दिल्लीत व्हायचा आणि त्याची बातमी आपल्याकडे यायची ती मोबाईलवर, दहा जणांच्या हातून फिरून, प्रत्येकाने पदरची मीठ-मिरची लावून. बंदी उठली म्हणून कोणी ट्रॅक्टर जुंपायचा, तर शुल्क लागले म्हणून कोणी चाळीचे दार लावून घ्यायचा. खरे काय, हे ठामपणे सांगणारा तालुक्याचा असा एकही आवाज नव्हता. तो आजही नाही. तो असू शकतो काय, कोणाच्या हाती असावा आणि कायदा काय म्हणतो, याचा विचार या लेखात करायचा आहे.

अमेरिकेतल्या खेड्यातला रेडिओ

शेतकरी आणि रेडिओ ही जोडी जुनी आहे. अमेरिकेत शिकागोला १९२४ साली डब्ल्यूएलएस नावाचे केंद्र निघाले. ते काढले सीअर्स या दुकानदार कंपनीने, कारण तिचे गिऱ्हाईक खेड्यात होते. शनिवारी रात्री तिथून खेड्यातल्या गाण्या-बजावण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो तुफान चालला. १९२८ मध्ये हे केंद्र 'प्रेअरी फार्मर' या शेतीच्या नियतकालिकाने विकत घेतले. नॅशव्हिलला १९२५ साली असाच कार्यक्रम सुरू झाला. तो आजही चालू आहे. तिकडे 'कंट्री' म्हणतात ते संगीत असे रेडिओवरून घरोघर पोहोचले. आपल्याकडचे भारूड, गोंधळ, वाघ्या-मुरळी जसे, तसेच ते त्यांच्या मातीतले.

पुढे लहान लहान गावांत शेकडो केंद्रे निघाली. त्यांतली कितीतरी एकेका कुटुंबाच्या मालकीची होती. बापाने काढले, मुलाने चालवले, सुनेने हिशोब सांभाळला. काहींना परवानाच असा होता की सूर्य उगवल्यावर सुरू करायचे आणि मावळल्यावर बंद. सकाळी धान्याचे आणि जनावरांचे भाव, मग हवामान, मग गावात कोण वारले, कोणाकडे लग्न, कोणाची गाय हरवली आणि मधे मधे गाणी. जाहिरात गावातल्याच बियाणे-खतवाल्याची. मालक गावचाच, त्यामुळे खोटे बोलला तर दुसऱ्या दिवशी बाजारात गाठ होती.

१९९६ साली तिथे दूरसंचार कायदा बदलला. एका कंपनीने देशभरात किती केंद्रे घ्यावीत यावरची मर्यादा उठली. बड्या कंपन्यांनी घरगुती केंद्रे भराभर विकत घेतली आणि कार्यक्रम दूरच्या शहरातून यंत्रावर वाजू लागले.

त्याचा परिणाम १८ जानेवारी २००२ च्या पहाटे दिसला. नॉर्थ डकोटा राज्यातल्या मायनॉट गावाजवळ मालगाडी रुळावरून घसरली. डब्यांत अमोनिया होता, तोच जो तिकडे खत म्हणून शेतात देतात. विषारी वायूचा ढग गावावर आला. गावात सहा व्यापारी रेडिओ केंद्रे होती आणि सहाही एकाच कंपनीची! पोलिसांचे म्हणणे, आम्ही फोन केले पण उचलायला कोणी नव्हते. कंपनीचे म्हणणे, इशाऱ्याची यंत्रणा पोलिसांनीच नीट वापरली नाही. भांडण काही असो, लोकांना वेळेवर इशारा मिळाला नाही हे खरे. एक जण दगावला आणि शेकडोंना इजा झाली. रेडिओ होता, पण गावचा माणूस त्यात नव्हता.

आपल्याकडे काय झाले?

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईला पहिले नियमित केंद्र सुरू झाले, तेही एका खासगी कंपनीचे. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि रेडिओ सरकारच्या हाती गेला. तो पुढे कित्येक दशके तिथेच राहिला. रेडिओ ऐकायला पोस्टातून परवाना काढावा लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

पण सरकारी रेडिओने शेतकऱ्यांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे चूक ठरेल. १९५६ साली पुणे आकाशवाणीने मोठा प्रयोग केला. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत १५० गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक लोकांचे श्रोतामंडळ केले. आठवड्यातून दोनदा लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका पुण्याला कळवायच्या. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात यायची. मंडळ असलेल्या गावांत शेतीचे ज्ञान जितके वाढले, तितके नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढले नाही, असे पाहणीत दिसले. म्हणजे गुण यंत्राचा कमी आणि एकत्र बसून बोलण्याचा जास्त. पुढे ही मंडळे देशभर निघाली आणि कालांतराने ढिली पडली. २००४ पासून 'किसानवाणी' सुरू झाली. नाशिक आकाशवाणी १०१.४ वर आहे. पण जिल्ह्याचे केंद्र पेठ-सुरगाण्याच्या भाताचे बोलणार, निफाडच्या द्राक्षाचे बोलणार आणि आपल्या कांदा-मक्याचेही बोलणार. तालुक्याच्या वाट्याला किती मिनिटे येणार?

मोठा बदल घडवला सर्वोच्च न्यायालयाने. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मग शहरांत लिलाव होऊन खासगी वाहिन्या आल्या. पण ज्याच्या खिशात पैसा, त्याचीच बोली. चांदवड-देवळ्यासाठी कोण बोली लावणार?

घरचा रेडिओ का काढता येत नाही?

बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर नावाचे गाव आहे. तिथल्या एका दुरुस्तीवाल्या तरुणाने अगदी किरकोळ खर्चात स्वतःच प्रक्षेपक जुळवला आणि २००३ च्या सुमारास दुकानातून गावाला गाणी नि गावच्या सूचना ऐकवायला सुरुवात केली. केंद्राचे नाव 'राघव एफएम मन्सूरपूर १'. लोकांना ते फार आवडले. २००६ मध्ये सरकारने ते बंद केले, कारण परवाना नव्हता.

आणि परवाना मागितला असता तरी मिळाला नसता. आपल्या नियमाप्रमाणे एकट्या व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला सामुदायिक रेडिओ काढता येत नाही. म्हणजे अमेरिकेसारखे घरगुती केंद्र आपल्याकडे कायद्यातच बसत नाही. यात तोटा आहे, कारण घरच्या धंद्याची चिकाटी संस्थेत येतेच असे नाही. पण फायदाही आहे. मायनॉटसारखे सगळे आवाज एका मालकाच्या खिशात जाण्याचा धोका इथे टळतो आणि निवडणुकीच्या तोंडावर गावचा रेडिओ कोण्या एका वाड्याचा होत नाही. आपले गावचे राजकारण पाहता, ही अट मला तरी बरी वाटते.

मग कोणाला काढता येतो? २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना दार उघडले आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे पहिले केंद्र १ फेब्रुवारी २००४ ला सुरू झाले. २००६ च्या अखेरीस नोंदणीकृत सेवाभावी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विद्यापीठे यांनाही परवानगी मिळाली. आज देशात अशी पाचशेच्या आसपास केंद्रे आहेत.

ज्यांनी करून दाखवले

तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आताच्या तेलंगणातल्या पस्तापूरला १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संगम रेडिओ' सुरू झाला. चालवणाऱ्या सगळ्या दलित, शेतावर राबणाऱ्या बाया. विषय काय, तर ज्वारी-बाजरीचे घरचे बियाणे, जनावरांचे आजार, सणाची गाणी.

आपल्या राज्यात साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे. माण म्हणजे कायमचा दुष्काळी मुलूख, आपल्या पूर्व भागासारखा. तिथे पाण्याबद्दल, महिलांच्या बचतीबद्दल बोलले जाते आणि गावोगावच्या कलाकारांची गाणी वाजतात. बारामतीत कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' आहे.

लांब कशाला, नाशिकला ९०.८ वर 'रेडिओ विश्वास' आहे. कोरोनाच्या काळात शाळा बंद पडल्या तेव्हा या केंद्राने 'शिक्षण सर्वांसाठी' हा कार्यक्रम केला. शिक्षकांनी धडे ध्वनिमुद्रित करून दिले. ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता अशा मुलांसाठी इगतपुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ४५१ रेडिओ संच वाटले. या केंद्राला पुढे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांतला एक, केंद्र आपल्या पायावर उभे ठेवल्याबद्दलचा पहिला पुरस्कार होता.

चांदवडला काय लागेल?

आता भावनेच्या पलीकडे जाऊन हिशोब बघू. सामुदायिक रेडिओची ताकद १०० वॉट. सपाटीवर तो दहा-बारा किलोमीटर ऐकू जातो. आपल्या तालुक्यात शंभरावर गावे आणि मधे सातमाळ्याचा डोंगर. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. म्हणजे चांदवड गावात मनोरा उभारला तर डोंगराच्या सावलीतली गावे कोरडी राहणार. जागा निवडताना आधी हे पाहावे, मागाहून नको.

दुसरा प्रश्न पैशाचा. २०२४ मध्ये केंद्राने जाहिरातीची वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटे केली आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ केला. म्हणजे एका मिनिटाचे ४४४ रुपये. रोज दहा मिनिटे सरकारी जाहिरात मिळाली तर ४,४४० रुपये होतात. ऐकायला छान, पण जाहिरात रोज मिळेल याची हमी कोणी देत नाही आणि मिळाली तरी बिल कधी निघेल हे सरकारी कामात मुरलेल्या माणसाला सांगायला नको. चार मुलांचा पगार, विजेचे बिल, यंत्राची दुरुस्ती मात्र दर महिन्याला. यंत्रसामग्रीसाठी सरकारची मदत योजना आहे. रोजचा खर्च मात्र ज्याचा त्याने भागवायचा. म्हणून खते-बियाण्यांची दुकाने, पतसंस्था, बाजार समिती अशा स्थानिक जाहिरातींवरच केंद्र उभे राहील.

तिसरा प्रश्न माणसांचा. चांदवडला १९२८ पासून चालत आलेले नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम आहे, इतर शाळा-महाविद्यालये आहेत. पात्र संस्थांची वाण नाही. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार करावेत असा नियमच आहे. रेणुकामातेच्या पायथ्याशी गोंधळ्यांची आणि भजनी मंडळांची काय कमी? जात्यावरच्या ओव्या ज्यांना येतात त्या आजीबाई दर वर्षी कमी होत आहेत. त्यांचा आवाज साठवून ठेवायलाही हे केंद्र कामी येईल.

"आता रेडिओ कोण ऐकतो?"

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप आहे, हे सगळे खरे. पण ॲप बघायला हात मोकळा लागतो आणि डोळेही. कांदा उपटणाऱ्या, खुरपणाऱ्या, चाळीत निवडणी करणाऱ्या बाईचे दोन्ही हात मातीत असतात. तिला कान तेवढे मोकळे. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली, तेव्हा द्राक्ष-कांद्याचे काय झाले ते आठवा. गारा काही थांबवता येत नाहीत, पण तासभर आधी कळले तर काढलेला कांदा झाकता येतो, जनावरे गोठ्यात नेता येतात आणि माणूस झाडाखालून बाजूला होतो.

आणखी एक. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण हवामान, पाणी, वीज, आपत्तीचा इशारा, आरोग्य, परीक्षा-प्रवेश यांची माहिती देण्यास पूर्ण मुभा आहे. उद्या कोणत्या फीडरला रात्रीची वीज, टँकर कधी येणार, पीक विम्याची शेवटची तारीख कोणती, कांद्यावर करपा नि फुलकिडे दिसले तर काय करावे : शेतकऱ्याला रोज लागते ते हेच. आम्ही विस्ताराच्या कामातली माणसे एका दिवसात तीन गावे करतो, चौथ्या गावाला पोहोचेपर्यंत फवारणीची वेळ निघून जाते.

सुरुवात कुठून?

परवान्याची वाट पाहत बसू नका. सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. आधी १९५६ सारखी श्रोतामंडळे गावोगाव करावीत. देवळाच्या ओट्यावर वीस जणांनी आठवड्यातून एकदा किसानवाणी ऐकावी, शंका लिहून काढाव्यात आणि नाशिक आकाशवाणीला पाठवाव्यात. चाळीस गावांतून पत्रे गेली तर जिल्ह्याच्या केंद्रालाही चांदवडकडे कान द्यावा लागेल. त्याच वेळी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या संस्थेने पुढे होऊन दिल्लीला रीतसर अर्ज करावा. श्रोते तयार असतील तर जाहिरातदार येईल. श्रोत्यांआधी मनोरा उभा केला तर त्यावर कावळे बसतील.

कांद्याला भाव मिळावा म्हणून आपण रस्त्यावर बसलो, तो आवाज दिल्लीपर्यंत गेला. पण तो वर्षातून एकदाचा आवाज. रोज सकाळी सहा वाजता, आपल्या बोलीत, आपल्याच शिवाराबद्दल बोलणारा आवाज हवा असेल, तर त्याचा अर्ज आपल्यालाच करावा लागेल.