खेळाडूंस वेसण, प्रशिक्षकांस मोकळे रान

२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील लुइझियाना स्टेट विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक ब्रायन केली यांस भर हंगामात घरी पाठविले. संघ अपेक्षेइतका जिंकत नव्हता, प्रेक्षक खवळले होते, आणि अशा वेळी प्रशिक्षकाचा बळी देण्याची तिकडे रीतच आहे. परंतु या बळीस मिळावयाची दक्षिणा ऐकून कोणीही थक्क व्हावे. करारात उरलेल्या वर्षांपोटी विद्यापीठ केली यांस सुमारे ५ कोटी ४० लक्ष डॉलर देणे लागले. त्याच महिन्यात पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठाने जेम्स फ्रँकलिन यांस दूर केले. त्यांच्या करारातील आकडा ४ कोटी ९० लक्षांच्या घरात होता. त्यापूर्वी २०२३ च्या नोव्हेंबरात टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिंबो फिशर यांस निरोप दिला, तो साडेसात कोटी डॉलरांहून अधिक देणे पत्करून. एखाद्याने काम करावे म्हणून नव्हे, तर त्याने काम करू नये म्हणून मोजलेल्या या रकमा आहेत!

ही विद्यापीठे आमच्या वाचकांस अपरिचित नाहीत. पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांतील मुलेमुली टेक्सास ए अँड एम किंवा पेन स्टेट येथे यंत्रशास्त्र नाही तर संगणकशास्त्र शिकावयास गेलेली आहेत. त्याच संस्था शनिवारी दुपारी लक्षावधी डॉलरांचा खेळ भरवितात, ही गोष्ट मात्र इकडे फारशी ठाऊक नसते. हा फुटबॉल म्हणजे कूपरेजवरचा फुटबॉल नव्हे. शिरस्त्राणे घालून, अंगावर धडका घेत, हातात चेंडू धरून खेळावयाचा तो अमेरिकी खेळ होय. त्याची मोठमोठी मैदाने लाख-लाख प्रेक्षकांची असतात, आणि देशातील बहुतेक राज्यांत सरकारी वेतनपटावरील सर्वांत महाग मनुष्य गव्हर्नर नसतो, कुलगुरू नसतो. तो विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो.

हे असे का झाले, याचे उत्तर प्रशिक्षकांच्या असामान्य बुद्धिमत्तेत शोधण्याचे कारण नाही. ते एका जुन्या शब्दप्रयोगात आहे. १९५५ साली कोलोरॅडोतील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्यास इजा होऊन दगावला. त्याच्या विधवेने कामगार-नुकसानभरपाई मागितली. महाविद्यालयाने खेळाडूस काही नोकर म्हणून ठेवले नव्हते, असा निर्वाळा देऊन त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली तिची मागणी फेटाळली. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या मध्यवर्ती संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द याच काळात रूढ केला. खेळाडू नोकर ठरू नयेत या धास्तीतून तो घडविला गेला, हे संघटनेचे दीर्घकाळचे सूत्रधार वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ साली आपल्या पुस्तकात सांगून टाकले. खेळाडूने शिष्यवृत्ती घ्यावी, जेवणखाण घ्यावे आणि गप्प बसावे, असा हा व्यवहार होता.

पुढे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील सामन्यांबाबतची संघटनेची मक्तेदारी मोडली. विद्यापीठे आणि त्यांचे गट आपापले सौदे करू लागले आणि पैशाचा पूर आला. आता जेथे मैदानावर झीज सोसणाऱ्याला पैसा देणे नियमाने निषिद्ध आहे, तेथे तो पैसा जाणार कोठे? तो शेजाऱ्याच्या ताटात पडणार. क्लेम्सन विद्यापीठाने २०१७ मध्ये फुटबॉल संघासाठी साडेपाच कोटी डॉलरांची इमारत उभारली. तीत घसरगुंडी आहे आणि छोटेखानी गोल्फचे मैदानही आहे. लुइझियाना स्टेटने २०१९ मध्ये आपल्या संघाच्या इमारतीचे २ कोटी ८० लक्ष डॉलर खर्चून नूतनीकरण केले, त्या वेळी तेथील विद्यार्थी ग्रंथालयाच्या गळक्या इमारतीबद्दल तक्रार करीत होते. खेळाडूस रोकड देता येत नाही म्हणून त्याला घसरगुंडी द्यावयाची, आणि तो आला की त्याला खेचून आणणाऱ्या प्रशिक्षकास त्याचे मोल मोजावयाचे! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही आपली म्हण अमेरिकेत कोणी भाषांतरित केली आहे की नाही, कोण जाणे.

ही व्यवस्था न्यायालयांनी हळूहळू खिळखिळी केली. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी संघटनेच्या विरुद्ध निकाल दिला. पुढील महिन्यापासून खेळाडूंस आपले नाव आणि छबी यांवर जाहिरातींतून पैसा मिळविण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एका मोठ्या तडजोडीस मान्यता दिली. तिच्यानुसार पूर्वीच्या खेळाडूंस दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर मिळावयाचे असून, १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांस आपल्या खेळाडूंस थेट पैसा देता येऊ लागला. या निर्णयाचे स्वागत करावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

परंतु पुढची ओळ वाचली की आनंद ओसरतो. खेळाडूंस द्यावयाच्या या रकमेवर कमाल मर्यादा आहे. २०२५-२६ या वर्षासाठी ती सर्व खेळांतील सर्व खेळाडू मिळून दर विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलर होती. प्रशिक्षकांच्या वेतनावर मर्यादा कोणतीच नाही. मोठ्या विद्यापीठांत या रकमेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग फुटबॉलकडे जातो, असे धरले तर दीड कोटी डॉलर होतात, आणि ते १०५ जणांच्या पथकात वाटावयाचे असतात. जॉर्जिया विद्यापीठाच्या कर्बी स्मार्ट या एकट्या प्रशिक्षकाचे वेतन २०२४ च्या करारान्वये वर्षास १ कोटी ३० लक्ष डॉलर आहे. बाहेरील जाहिरातींचे उत्पन्न खेळाडूंस वेगळे मिळते हे खरे. तथापि विद्यापीठाच्या स्वतःच्या तिजोरीपुरते पाहिले तर एक शिक्षक आणि शंभर धडपडे यांची तुला जवळजवळ समतोल होते. फिशर यांस देणे झालेल्या रकमेत तर टेक्सास ए अँड एमच्या सर्व खेळांतील सर्व खेळाडूंची, या मर्यादेच्या हिशेबाने, साडेतीन वर्षांची बेगमी झाली असती.

मग प्रशिक्षकांवरही मर्यादा घाला, असे कोणी म्हणेल. तो प्रयोग होऊन गेला आहे. १९९० नंतरच्या दशकात मध्यवर्ती संघटनेने फुटबॉलखेरीज अन्य खेळांतील काही कनिष्ठ प्रशिक्षकांचे वेतन वर्षास १६,००० डॉलरांवर रोखले. ते प्रशिक्षक न्यायालयात गेले, मक्तेदारीविरोधी कायद्याखाली जिंकले, आणि १९९९ साली संघटनेस ५ कोटी ४५ लक्ष डॉलर मोजून सुटका करून घ्यावी लागली. योगायोग असा की, केली यांच्या एकट्याच्या देण्याचा आकडाही जवळपास तेवढाच. संघटनेच्या फर्मानाने प्रशिक्षकांस वेसण घालता येणार नाही, हे त्या वेळी सिद्ध झाले. ती घालावयाची तर प्रत्येक विद्यापीठाच्या विश्वस्तांनी, करारावर सही करण्यापूर्वी, स्वतःच घातली पाहिजे.

प्रशिक्षकास किंमतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. इंडियाना विद्यापीठाचा संघ पराभवांसाठीच प्रसिद्ध होता. २०२३ मध्ये बारांपैकी तीनच सामने त्याने जिंकले. कर्ट सिग्नेटी आले, पुढल्याच वर्षी तेरांपैकी अकरा सामने जिंकले गेले, आणि २०२६ च्या जानेवारीत तो संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता ठरला. अलाबामाच्या निक सेबन यांनी १७ वर्षांत सहा अजिंक्यपदे आणून विद्यापीठाची भरभराट केली, हेही सर्वज्ञात आहे. तेव्हा गुणी प्रशिक्षकास भरघोस वेतन देण्यास आमची हरकत नाही. परंतु सिग्नेटी प्रथम रुजू झाले तेव्हा त्यांचे वेतन केली यांच्या निम्म्याहूनही कमी होते, आणि ते आपल्या जुन्या विद्यापीठातील तेरा खेळाडू बरोबर घेऊन आले होते. कोणाला निवडावे आणि त्यावर किती खर्चावे हे ज्याला कळते, तो प्रशिक्षक स्वस्त पडतो. दहा वर्षांची हमी आधी देऊन गुण मागाहून शोधणे हा निराळाच व्यवहार होय.

या लांबलचक हमीचे समर्थन एका मुद्द्यावर केले जाई. प्रशिक्षक आज आहे, उद्या नाही, असे दिसले तर शाळकरी खेळाडू त्याच्या शब्दावर विसंबून येणार नाहीत, असा तो मुद्दा. एके काळी त्यात तथ्य होते. विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूस वर्षभर बाहेर बसावे लागे. तो अडकलेला असे, म्हणून प्रशिक्षक टिकणे त्याच्या हिताचे होते. २०२१ मध्ये हे बंधन सैल झाले आणि २०२४ मध्ये बहुतांशी गळून पडले. खेळाडू आता बव्हंशी वर्षावर्षाचा विचार करून राहतो किंवा जातो. ज्याला आश्वस्त करावयाचे तोच एका वर्षाच्या बोलीने राहणार असेल, तर त्याच्या नावाने प्रशिक्षकास दहा वर्षांची हमी कशासाठी? शिवाय प्रशिक्षक बदलल्याने संघ सुधारतो, ही समजूतही डळमळीत आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील तिघा राज्यशास्त्रज्ञांचा या विषयावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. अगदी दुबळ्या संघांस नव्या प्रशिक्षकाचा फारसा लाभ होत नाही आणि मध्यम संघ तर त्यानंतर खालीच जातात, असा त्याचा निष्कर्ष होता.

आमची सूचना साधी आहे. प्रशिक्षकास जितकी वर्षे काम तितकी वर्षे वेतन द्यावे. मुदतीपूर्वी दूर केल्यास एका वर्षाच्या वेतनापलीकडे हमी नसावी. आणि त्याला अन्यत्र नोकरी मिळाली तर ते उत्पन्न देण्यातून वजा व्हावे. ही शेवटची अट किती मोलाची आहे, ते पेन स्टेटच्या उदाहरणावरून दिसते. फ्रँकलिन यांनी सुमारे पाच आठवड्यांत व्हर्जिनिया टेकची नोकरी धरली, आणि ४ कोटी ९० लक्षांचे देणे ९० लक्षांवर आले. फिशर यांच्या करारात ही अट नव्हती. असा वाचलेला पैसा खेळाडूंच्या वाट्याची मर्यादा पुरी भरण्यास प्रथम वापरावा. त्यानंतर जे उरेल ते त्यांच्या औषधोपचारावर खर्चावे. खेळातील दुखापतीवर शिक्षण संपल्यानंतर किमान दोन वर्षे उपचार मिळावेत, असा नियम २०२४ च्या ऑगस्टपासून लागू झाला आहे. परंतु बाविसाव्या वर्षी मोडलेला गुडघा चोविसाव्या वर्षी बरा होतो, असे कोणत्या वैद्याने सांगितले? मेंदूस बसलेल्या धक्क्यांचे परिणाम तर कित्येकदा वीस-वीस वर्षांनी दिसू लागतात. स्त्री-खेळाडूंच्या हिश्शाचा प्रश्नही आहेच. १९७२ च्या समानतेच्या कायद्यापुढे तीन चतुर्थांशांची ही वाटणी कितपत टिकेल, हे न्यायालये ठरवितील.

विश्वस्त हे ऐकतील, अशी चिन्हे मात्र दिसत नाहीत. फिशर यांचा २०१७ चा करार ज्या क्रीडाधिकाऱ्याने केला, त्यानेच पुढे लुइझियानात जाऊन केली यांचा करार केला होता. केली यांच्या हकालपट्टीनंतर लुइझियानाच्या गव्हर्नरांनी असल्या करारांवर जाहीर तोफ डागली आणि तो अधिकारीही पायउतार झाला. त्यानंतर महिनाभरातच विद्यापीठाने लेन किफिन यांस आणले. त्यासाठी किफिन यांनी मिसिसिपी विद्यापीठाचा आपला संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर असताना सोडला. नव्या कराराची मुदत सात वर्षे असून वेतन वर्षास सुमारे १ कोटी ३० लक्ष डॉलर आहे.