किती जणांना वाचायला दिले होते?

आमच्या मराठी विभागाच्या सूचनाफलकावर एक कात्रण अनेक वर्षे होते. कसदार कथा वाचणाऱ्याला दुसऱ्याच्या मनातले अधिक चांगले ओळखता येते, हे आता विज्ञानाने सिद्ध केले आहे, अशा आशयाची ती बातमी. ‘मराठी घेऊन पुढे काय?’ या प्रश्नाला उत्तरे देऊन थकलेल्या आम्हांला तिचा केवढा आधार वाटला होता! प्रवेशाच्या दिवसांत पालकांना आणि स्वागत समारंभात प्रथम वर्षाच्या मुलांना आम्ही तिचा दाखला देत आलो. गेल्या वर्षी बातमीलेखनाच्या तासाला आम्ही ते कात्रण वर्गात नेले. ते वाचून एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, किती जनायले वाचाले देलं होतं?’’

बातमीत आकडा नव्हता. आम्हीही तो कधी शोधला नव्हता.

शोधल्यावर हाती आले ते असे. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमधील डेव्हिड किड आणि इमॅन्युएले कास्तानो यांचा निबंध ऑक्टोबर 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात एकूण पाच प्रयोग होते. पहिल्यात सहभागी झालेल्यांची संख्या 86 होती आणि सर्वांत मोठ्या प्रयोगात ती 356 होती. ही माणसे ‘मेकॅनिकल टर्क’ या संकेतस्थळावरून, किरकोळ मोबदला देऊन, जमवलेली होती. काहींना चेकॉव्हसारख्या लेखकांच्या कथा वा उतारे दिले, काहींना लोकप्रिय कथा किंवा माहितीपर लेख. वाचन आटोपताच त्यांची चाचणी घेतली. त्यांतील मुख्य चाचणीत माणसांच्या फक्त डोळ्यांची 36 छायाचित्रे दाखवतात आणि प्रत्येकासाठी चार शब्दांतून भाव ओळखायला सांगतात. कथा वाचणाऱ्यांचे गुण थोडे अधिक भरले. या ‘थोड्या’तून ‘साहित्य माणसाला संवेदनशील बनवते’ इथपर्यंतचा प्रवास वृत्तपत्रांनी केला आणि त्या गाडीत आम्ही विनातिकीट बसलो.

पुढची हकीकत आमच्या फलकावर कधी आली नाही. 2016 मध्ये तीन संशोधकगटांनी मिळून 792 जणांवर हाच प्रयोग पुन्हा केला. तो परिणाम त्यांना आढळला नाही. मूळ लेखकांनी आक्षेप घेतला की, यांतल्या अनेकांनी उतारे नीट वाचलेच नव्हते. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. परंतु 2018 मध्ये ‘नेचर’ व ‘सायन्स’मध्ये आलेले समाजशास्त्रीय स्वरूपाचे 21 प्रयोग, सरासरीने पाचपट मोठे नमुने घेऊन, पुन्हा करून पाहण्यात आले. 13 टिकले. न टिकलेल्या आठांत हा एक होता. टिकलेला भाग निराळाच आहे. ज्यांनी आयुष्यभर पुष्कळ कथा-कादंबऱ्या वाचल्या त्यांना त्या चाचणीत अधिक गुण पडतात, हे 2016 च्या अभ्यासातही दिसले. मात्र त्यावरून वाचनाने समज वाढली, की समज असलेलेच वाचनाकडे वळले, हे ठरत नाही.

लहान नमुना का फसवतो, हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. आम्ही वर्गात नाणे उडवून पाहिले. दहा वेळा उडवले तर सात किंवा अधिक वेळा छापा पडणे मुळीच नवलाचे नाही. साधारण सहा खेपांत एकदा तसे होते. हजार वेळा उडवून सातशे छापे पडले तर मात्र नाण्यातच खोट आहे असे समजावे. लहान नमुन्यात योगायोगाला मोकळे रान मिळते. शिवाय ज्या छोट्या अभ्यासात काहीच विलक्षण निघत नाही तो बहुधा छापलाच जात नाही. छापून येतो तो सात छाप्यांचा, आणि बातमी होते तीही त्याचीच.

पण संख्येच्याही आधी आम्हांला एक गोष्ट खटकायला हवी होती, कारण ती आमच्याच प्रांतातली आहे. डोळे पाहून खिन्न, विमनस्क, चिंतातुर आणि विचारमग्न यांतून एक शब्द निवडायचा, ही परीक्षा सहृदयतेची, की शब्दसंग्रहाची? एम. ए. च्या वर्गात आम्ही ‘करुणा’ आणि ‘कणव’ यांतल्या छटेवर सबंध तास घालवतो. तीच माणसे इंग्रजी शब्दांवर आधारलेल्या एका कसोटीचा निष्कर्ष हिंगणघाट-आर्वीच्या मुलांना ठामपणे सांगत होती. बातमी आमची स्तुती करणारी होती म्हणून ती तपासली नाही, एवढेच याचे प्रामाणिक कारण आहे. ‘कादंबऱ्या वाचल्याने मुले बिघडतात’ अशी बातमी असती तर पहिल्याच दिवशी आम्ही नमुनासंख्या विचारली असती.

हे सारे ऐकून एका सहकाऱ्याने निष्कर्ष काढला की, लहान नमुन्याचे सगळेच संशोधन टाकाऊ. आम्हांला हे मान्य नाही. न मानण्याचे कारण आमच्या जिल्ह्यातलेच आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी अमोल डोंगरे व प्रदीप देशमुख यांनी वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी निवडक गावकऱ्यांना कारणे मोकळेपणाने सांगायला लावली, ती कारणे त्यांच्याकडूनच गटांत लावून घेतली आणि गटचर्चा घेतल्या. कर्ज, व्यसन, शेतमालाला न मिळणारा भाव, ताण, घरच्या जबाबदाऱ्या, शासनाची अनास्था, सिंचनाचा अभाव, सावकार अशी कारणे लोकांनी सांगितली. बोलणारी माणसे मोजकी होती, पण अभ्यासाचा दावाही तेवढाच होता: इथले लोक या मृत्यूंचा अर्थ कसा लावतात. त्यातला ‘व्यसन’ हा एक शब्द उचलून मथळा सजवणे कोणालाही अवघड नाही, आणि तो मथळा ज्या घरात वाचला जाईल ते घर आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचे असू शकते. किती मृत्यूंमागे व्यसन होते, हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलेलाच नव्हता.

तो प्रश्न विचारण्याची रीत वेगळी. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रा यांनी 2006 साली राज्य शासनाला दिलेल्या अहवालासाठी वर्धा, यवतमाळ व वाशीम जिल्ह्यांत आत्महत्या झालेली 111 घरे पाहिली, आणि त्यांच्यासोबत तशी घटना न घडलेली 106 घरेही पाहिली. मृतांच्या घरांपैकी सुमारे 87 टक्के घरांत कर्ज होते. एवढेच छापले तर वाचक म्हणेल, कर्ज कोणाच्या घरी नाही? दुसरी घरे पाहिल्यामुळेच पुढचे कळते. मृतांच्या घरांवरचे सरासरी थकीत कर्ज इतरांच्या साडेतीन पट होते. दोनशेच्या आसपास घरांचा हा अभ्यास काही प्रचंड नाही. तुलनेला शेजारचे घर घेतल्याने त्याच्या म्हणण्याला वजन आले. बातमीतून पहिल्यांदा गळते ते हेच शेजारचे घर.

आता थोडे स्वतःकडे. ‘आजच्या तरुणाईचे वाचन’ या विषयावर आमच्याच विद्यार्थ्यांचे प्रकल्प आम्ही वर्षानुवर्षे तपासले आहेत. वसतिगृहातल्या 40 मित्रांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि टक्केवारी दशांशचिन्हापर्यंत काढायची, अशी ती पद्धत. चाळिसात एक माणूस म्हणजेच अडीच टक्के. हे 40 जण चिठ्ठ्या टाकून निवडले असते तरी निष्कर्ष दोन्ही बाजूंनी सुमारे 15 टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकला असता. तरीही त्या दशांशांना आम्ही गुण दिले. त्यांतले काही आकडे नंतर चर्चासत्रातल्या भाषणांत, बहुधा आमच्याच, ‘एका पाहणीनुसार’ म्हणून अवतरले.

यंदाच्या प्रकल्पांसाठी आम्ही इतकेच ठरवले आहे की, टक्केवारीच्या आधी माणसांची संख्या लिहायची आणि ती माणसे कुठून, कशी निवडली ते पहिल्याच पानावर सांगायचे. ‘‘मग विषयाचं नावच बदलावं लागेल,’’ एका मुलाने तक्रार केली. त्याच्या वहीवर आता ‘आमच्या वसतिगृहातील 40 मुलांचे वाचन’ असे शीर्षक आहे. ते कात्रण अजून फलकावर आहे. त्या विद्यार्थिनीने त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 86, 792 आणि 2018 असे आकडे लिहून ठेवले आहेत. येणारे पालक अधूनमधून त्यांचा अर्थ विचारतात.