कॉम्प्युटरला पाणी पाजतो म्हणे!



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. जालन्याच्या उन्हाळ्यात दुपारी कळफलकाला हात लावायची इच्छाच होत नाही. पण आखितीच्या दिवशी आमच्याकडे पंगतीत एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून डोक्यात भुणभुण चाललीय. ती इथं उतरवल्याशिवाय मला स्वस्थ झोप लागायची नाही. या ब्लॉगवर आमची नातेवाईक मंडळीही अधूनमधून डोकावतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी हे जरूर वाचावं. खरं तर त्यांच्यासाठीच लिहितोय.

तर झालं असं. आमच्या नातवानं दहावीची परीक्षा संपल्या दिवसापासून मागच्या अंगणात एक उद्योग मांडला होता. गावाकडचं जुनं घर पाडलं तेव्हा निघालेली सागवानी चौकट मी सांभाळून ठेवली होती. ती त्यानं मागून घेतली आणि तिच्यातून कॉम्प्युटरची पेटी बनवली. आणि आत थंडाव्यासाठी पंख्याऐवजी पाणी खेळवलं! प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा ठोकळा, छोटा पंप आणि नळ्या विकत आणल्या. उष्णता बाहेर टाकायला रेडिएटर लागतो, तो मात्र भंगारवाल्याकडून आणला. जुन्या मोटारीच्या हीटरमधला, तांब्या-पितळेचा. दीड महिना पोरगं घामानं निथळत रंधा मारत होतं.

पंगतीला आमचे दाजी होते. बँकेतून निवृत्त, बोलायला फटकळ. पेटी पाहून म्हणाले, "काय गुरुजी, जालन्यात माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुमचा नातू कॉम्प्युटरला पाणी पाजतो!" पंगत हसली. मीही हसलो. मग दाजी नातवाकडे वळून म्हणाले, "सुतारकीच करायची होती तर एवढा अभ्यास कशाला केला रे बाबा?" पंगत पुन्हा हसली. या वेळी पोरगं उठून आत गेलं. संध्याकाळी पाहिलं तर पेटीवर जुनी चादर टाकलेली होती.

दाजींच्या दोन्ही वाक्यांना तेव्हा मी उत्तर दिलं नाही. पाहुण्याला पंगतीत उत्तर द्यायचं नसतं. आता देतो.

आधी पाण्याचं. हा टोमणा ऐकायला बिनतोड वाटतो. २०१२-१३ चा दुष्काळ या जिल्ह्यानं सोसलाय, टँकरमागं धावणारी माणसं आपण डोळ्यांनी पाहिलीत. पाणी या शब्दाला इथं वेगळं वजन आहे, ते मी नाकारत नाही. पण हिशेब कराल की नाही?

नातवाच्या यंत्रात पाणी आहे एक लिटर. तेच पाणी बंद नळ्यांतून गोल गोल फिरतं. ते सांडत नाही आणि त्याची फारशी वाफही होत नाही. वर्षातून एकदा बदलायचं, झालं. उलट आमच्या घरातला कूलर मे महिन्यातल्या एका दुपारी तीन बादल्या सहज पितो, कारण त्याचं कामच मुळी पाण्याची वाफ करण्यावर चालतं. दाजींच्या घरी तर दोन कूलर आहेत! पाण्याचा वापर आणि पाण्याची नासाडी यांतला फरक बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी सांगायचा म्हणजे कठीणच आहे. मुद्दल कायम ठेवून व्यवहार चालतो, तसंच हे.

आता पाणीच का? तर तेवढ्याच जागेतल्या हवेपेक्षा पाणी साडेतीन हजार पटींच्या आसपास जास्त उष्णता सामावून घेतं. फळ्यावर मांडतो. यंत्र दोनशे वॅट उष्णता टाकतंय आणि मिनिटाला एक लिटर पाणी त्यावरून जातंय असं धरा. मिनिटात उष्णता झाली बारा हजार ज्यूल. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे बेचाळीसशे ज्यूल लागतात. म्हणजे त्या फेरीत पाणी जेमतेम तीन अंशांनी तापलं. पुढं रेडिएटरमध्ये ते निवतं आणि परत येतं. (मी भाषेचा मास्तर. हे गणित मला नातवानं शिकवलं. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं.)

आणि यात परकं ते काय? आपल्या जालन्यात लोखंडाचं भंगार वितळवून सळई करतात ना? त्या इंडक्शन भट्टीला तांब्याच्या पोकळ नळीचे वेढे असतात आणि त्या नळीतून सारखं पाणी फिरत असतं. ते थांबलं तर भट्टीच वाया जाईल. त्या पाण्यावर या गावाची चूल पेटते, त्याला कुणी हसत नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की सगळ्यांनी सहलीत पाहिलीय. तिथला मोठा हौद खालच्या दालनाच्या छतावर आहे, म्हणून ऐन उन्हाळ्यात ते दालन गार राहतं. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली सी-डॅकचा 'परम ब्रह्म' हा महासंगणक बसला, त्यालाही थेट भिडवलेल्या द्रवानंच थंड ठेवतात. तेव्हा वर्तमानपत्रात आपण कौतुकानं वाचलं. तेच तत्त्व आपल्या अंगणात आलं की थट्टा!

पाण्याच्या नावानं ओरडायचंच असेल तर वाफेवर चालणाऱ्या कूलिंग टॉवरांनी थंड होणाऱ्या मोठमोठ्या डेटा सेंटरांच्या नावानं ओरडा. तिथं प्रश्न खरा आहे आणि तो विचारायलाच हवा. एका लिटरवर कशाला घसरता?

लाकडाबद्दलही एकानं नाक मुरडलं होतं. कॉम्प्युटर म्हणजे पत्र्याचाच, असं कुठं लिहून ठेवलंय? १९६४ साली डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी जो पहिला माउस बनवला, तो लाकडी ठोकळ्याचाच होता. १९७६ चा पहिला अ‍ॅपल संगणक नुसता सर्किटचा बोर्ड म्हणून विकला जायचा. पेटीचं ज्याचं त्यानं पाहायचं. काहींनी लाकडाच्या पेट्या केल्या, त्या आज संग्रहालयांत आहेत.

मात्र लाकडाला लाकडाच्या अटी असतात, आणि पोरगं त्या शिकलं हे मला महत्त्वाचं वाटतं. लाकूड लोखंडाच्या मानानं शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतं, म्हणून उष्णता पाण्यावाटे थेट बाहेरच्या रेडिएटरपर्यंत न्यायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून फळ्यांना हलायला जागा ठेवायची. विजेचं अर्थिंग लाकडातून होत नाही, म्हणून बोर्ड लोखंडी पत्र्यावर बसवायचा आणि पॉवर सप्लायच्या धातूच्या अंगाला अर्थिंग नीट आहे ना ते पाहायचं. आपल्या बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं, ते नळ्यांत चालत नाही, डिस्टिल्ड पाणीच लागतं. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवलं तर अ‍ॅल्युमिनियम सडतं, म्हणून रेडिएटर तांब्या-पितळेचाच शोधला. आधी नुसता पंप चालवून, खाली कागद पसरून चोवीस तास वाट पाहिली. पहिल्या खेपेस गळलं. दुसऱ्या खेपेस कागद कोरडा राहिला. त्या कोरड्या कागदाकडं पाहून पोरगं जे हसलं, ते मी गुणपत्रिका बघताना कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

आता खरं ते कबूल करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल आजोबा नातवाची वकिली करतोय. याने कॉम्प्युटर वेगवान झाला का? नाही. बाजारातल्या साध्या पंख्यानंही काम भागलं असतं. खोलीत बेचाळीस अंश असतील तर हे पाणी बेचाळीसच्या खाली जाणारच नाही, तो भौतिकशास्त्राचा नियम आहे. पेटी जड झालीय, एकट्याला उचलत नाही. साडेसहा हजार खर्च झाले, त्यातले चार माझ्या पेन्शनमधले.

मग कशाला केलं? दाजींचा खरा प्रश्न तोच आहे. आणि त्यांचं दुसरं वाक्य त्यातूनच येतं.

'सुतारकीच करायची होती तर...' हे वाक्य दाजींचं एकट्याचं नाही. ते आपल्या सगळ्यांचं आहे. हातानं काम करणारा खालचा, बसून काम करणारा वरचा, ही उतरंड आपण पिढ्यान् पिढ्या सांभाळली. ज्या सुतारानं नांगर केला, दाराची चौकट केली, पाळणा केला, तो वर्षाच्या बलुत्यासाठी आपल्या ओसरीच्या खाली उभा राहायचा आणि आपण वर बसायचो. 'सुतारकी' हा शब्द टोमणा म्हणून वापरता येतो, तो केवळ यामुळं. माझी सागवानी चौकट सत्तर-ऐंशी वर्षं एकही खिळा न ठोकता उभी होती, लाकडात लाकूड बसवून. तो सांधा उकलताना नातवाला दोन दिवस लागले. आमच्या गल्लीतल्या सुतारमामांनी त्याला पटाशी कशी धरायची ते दाखवलं, गुण्या लावून काटकोन तपासायला शिकवलं, चुकलं की फळी परत करायला लावली. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली. इतकं चांगलं शिकवणं फार कमी वेळा पाहिलं.

आणि मंडळी, माझाही हात यात स्वच्छ नाही. आमच्या शाळेत कार्यानुभव नावाचा विषय होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं तो सुचवला. त्याच्याही आधी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली होती, की मूल हाताच्या कामातूनच शिकेल. आम्ही काय केलं? कार्यानुभवाच्या तासाला गणित उरकलं आणि वर्षाअखेरी दुकानातून आणलेल्या वस्तू मांडून गुण दिले. एका वर्षी एका सुताराच्या पोरानं लाकडाची बैलगाडी करून आणली होती. चाकं फिरायची, जू निघायचं. मी त्याला काय म्हणालो? "हे तर तुझ्या घरचंच काम, यात तू नवीन काय शिकलास?" आणि वीसपैकी दहा गुण दिले. थर्माकोलचा विकतचा ताजमहाल आणणाऱ्याला अठरा. वर्ग हसला होता.

आखितीच्या पंगतीत लोक हसले तेव्हा मला तोच वर्ग आठवला. म्हणून हे लिहितोय.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावं असं म्हटलंय. वाचून बरं वाटलं. पण घरच्या पंगतीत त्याच कामाची टिंगल होणार असेल तर दहा काय, शंभर दिवस दिले तरी पोरं त्याला सहलच समजतील.

'विकत मिळतं मग कशाला करायचं?' याचं माझं उत्तर सरळ आहे. विकतची वस्तू बिघडली की आपण दुकान शोधतो, स्वतः केलेली बिघडली की कारण शोधतो. हे कारण शोधणं म्हणजेच शिक्षण. बाकी सगळं पाठांतर.

आता शेवटची गोष्ट, घरच्या मंडळींसाठी. नातवाला पॉलिटेक्निकला जायचंय, मेकॅनिकल डिप्लोमाला. त्यानं हे आईबापाला सांगितलंय. घरात मात्र लातूरला पाठवून नीटची तयारी करून घ्यायचं चाललंय, आणि आखितीपासून त्या बाजूला चार मतं वाढलीत. डॉक्टर होणं वाईट नाही. ज्याला व्हायचंय त्यानं जरूर व्हावं. पण एका टोमण्याच्या भीतीनं पोराचा रस्ता बदलू नका, एवढंच म्हातारा हात जोडून सांगतोय. निकाल लागला की अर्ज भरायचा आहे. त्या दिवशी मी त्याच्या बरोबर जाणार आहे.

दाजी, रागावू नका. पुढच्या वेळी याल तेव्हा पेटीवरची चादर काढलेली असेल. तुमच्या घरचा कूलर खडखडतो म्हणत होतात, पोरगं म्हणतंय पंप उघडून बघतो. त्याचे मजुरीचे पैसे मात्र द्यावे लागतील!

तुमच्या घरी असं कुणी पोर असेल तर कळवा. वाट पाहतो.