घरातला धूर



गेल्या महिन्यात सायंकाळच्या जपमाळेनंतर एक माता देवळाच्या पायरीशी थांबून राहिली. तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या खिशात कागदात गुंडाळलेला गांजा सापडला होता. ती म्हणाली, "फादर, सासरे म्हणतात, आम्हीही तरुणपणी चिलीम ओढली, आमचे काय बिघडले? आणि मुलाचे वडील तोंडात बिडी ठेवूनच त्याला मारायला धावले."

या दोन वाक्यांत आपल्या कित्येक घरांची कथा आहे. आजोबांची चिलीम, आजीची मशेरी, वडिलांची बिडी, मुलाचा गुटखा किंवा गांजा! वस्तू बदलते, धडा मात्र तोच राहतो. मन जड झाले की काहीतरी ओढावे अथवा चघळावे, हा धडा मूल रस्त्यावर नव्हे, चुलीपाशी शिकते. बिडीबंडल आणावयास पाठवून आपणच त्याला दुकानाची वाट दाखवितो. वस्तुतः अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वये मुलास तंबाखू, दारू वा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

आजोबांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा होण्यापूर्वी देशात अनेक ठिकाणी गांजा परवान्याच्या दुकानात मिळत असे. परंतु मनुष्याचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. कोवळ्या वयात लागलेले व्यसन अधिक खोल रुजते. शिवाय, ज्यांचे बिघडले ते ओट्यावर बसून सांगावयास उरलेच नाहीत.

डब्लिन शहरातील मॅट टॅलबट या मजुराचे चरित्र येथे आठवते. त्यांचे वडील व बहुतेक भाऊ दारूच्या आहारी गेलेले. मॅट बाराव्या वर्षी मद्यविक्रेत्याकडे कामास लागले आणि तेव्हापासूनच पिऊ लागले. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, दारू सोडण्याची शपथ घेतो असे त्यांनी आईला सांगितले. निभावणार असशील तरच घे, असे तिने बजावले. त्यांनी पहिली शपथ केवळ तीन महिन्यांची घेतली. पुढे ती जन्माची झाली. १९२५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. १९७५ साली पोप पॉल सहावे यांनी त्यांना 'पूज्य' म्हणून घोषित केले. पिढ्यांची साखळी तुटू शकते. मात्र घरातील कोणीतरी एकाने प्रथम हात आखडावा लागतो.

म्हणून पालकांनो, मुलास मारू नका आणि लोकलज्जेस्तव लपवूही नका. डॉक्टरांकडे न्या, १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आणि उपदेशापूर्वी आपला खिसा रिकामा करा.

मी त्या घरी गेलो होतो. बराच वेळ कोणी बोलेना. अखेर वडिलांनी बिडीचे बंडल चुलीत टाकले व मुलास म्हणाले, "चुकी माझ्यापासून सुरू झाली. आपण दोघे मिळून सोडू." मुलगा अद्याप पुरता सुटलेला नाही, वडीलही नाहीत. परंतु दवाखान्यात आता दोघे बरोबर जातात. आजोबा त्या दिवशी काही बोलले नाहीत; मात्र हल्ली नातवाच्या नावाने जपमाळ करतात.

नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या घरांचे रक्षण करो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू