कोया पुनेमचे नागपुरी अभ्यासक
गोंडांच्या कोया पुनेम धर्माला ग्रंथरूप देण्याचे मोठे काम नागपुरात मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी केले. रामटेक तालुक्यातून आलेल्या कंगालींची नोकरी रिझर्व्ह बँकेत होती. मूळच्या मोतीराम या नावातील ‘राम’ काढून त्यांनी ‘रावण’ घेतला, यातच हिंदू परंपरेपासून वेगळेपण जपण्याची त्यांची भूमिका दिसते.

या धर्माचा आद्य गुरू लिंगो. त्याची गाथा नागपुरातच स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने टिपून घेतली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापली गेली. मात्र छोटा नागपूरच्या मुंडा-उराव आदिवासींइतका ख्रिस्ती मिशनांचा प्रभाव गोंडांवर पडला नाही. त्यामुळे कंगालींचा झगडा मिशनांपेक्षा मुख्यतः हिंदू चालीरीतींत विरघळून जाण्याशी होता. लिंगो, जंगो रायताड ही देवी, देवसंख्येवरून ठरणारे सगे (कुळांचे गट) आणि विवाहनियम यांची त्यांनी संगती लावली. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या माघ पौर्णिमेच्या यात्रेला आजचे रूप देणाऱ्यांतही ते होते. सिंधू लिपी गोंडीतून वाचल्याचा त्यांचा दावा विद्वानांनी स्वीकारला नाही. तो नसता तरी त्यांच्या कामाचे मोल कमी झाले नसते. २०११च्या जनगणनेत सुमारे १० लाख लोकांनी ‘इतर’ सदरात गोंडी धर्म नोंदवला. या धर्मासाठी जनगणनेत स्वतंत्र रकान्याची मागणी त्यामुळे रास्तच ठरते.