इंजिन नंतर, गिअरबॉक्स आधी



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. आमच्या काठीकडे माल घाट उतरला तरच त्याचे पैसे होतात, म्हणून हे पण शेतीतलंच समजा.

जुनी पेट्रोल जीप घ्यायची आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवायचं, हे आपल्याकडे नवीन नाही. जो तो विचारतो, इंजिन कोणतं टाकलं? गिअरबॉक्सचं कोणी विचारत नाही. मी पण नव्हतं विचारलं. सीजे-3बीचा जुना तीन गिअरचा बॉक्स तसाच ठेवला, मधे प्लेट बनवून डिझेल जोडलं. पैसे वाचले म्हणून खूश होतो. तिसऱ्या महिन्यात आमचूरची पोती घेऊन देवगोई घाट उतरताना दुसरा गिअर आपोआप निसटला. इंजिनची पकड सुटली, गाडी मोकळी पळाली. ब्रेक तापून वास सुटला. डोंगराकडच्या चारीत घातली तेव्हा थांबली. मागे पोत्यांवर घरची दोन पोरं होती.

चूक बॉक्सची नव्हती, माझी होती. डिझेलचे ठोके जड, त्यात मधली प्लेट थोडी जरी सेंटरबाहेर गेली की शाफ्टचं बेअरिंग खाल्लं जातं. मग गिअर निसटणारच.

म्हणून माझं मत: बजेटमधून आधी गिअरबॉक्सचे पैसे बाजूला काढा. आणि पाचवा गिअर आहे का ते नंतर, पहिला किती जड ते आधी विचारा.

हिशोब बघा. माझ्या जुन्या बॉक्सचा पहिला गिअर 2.8, डिफरन्शियल 5.38. गुणाकार 15. पहिला 4 च्या आसपास असलेला चार गिअरचा बॉक्स टाकला तर 21.5. इंजिन 800 फेऱ्यांवर असेल तर पहिली गाडी ताशी 7 किलोमीटरने उतरते, दुसरी 5 ने. कोणी म्हणेल, लो गिअर आहे ना? आहे, 2.46 चा. पण या जीपला लो फक्त फोर-बाय-फोरमध्ये लागतो, आणि कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर लावला तर शाफ्टला पीळ बसतो. चिखलात, शेतात लो. डांबरी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरचाच आधार.

घेताना एवढं बघा:
- इंजिन, बेलहाउसिंग, क्लच, गिअरबॉक्स एकाच गाडीचे घ्या. मधल्या प्लेटची भानगड नको.
- पुढचा शाफ्ट हाताने हलवा. जास्त खेळ असेल तर सोडून द्या.
- ऑइल काढून बोटावर घ्या. लोखंडाचा चुरा दिसला तर नको.
- बॉक्स लांब असेल तर पुढचा-मागचा प्रॉपेलर शाफ्ट बदलावा लागतो, तो खर्च धरा.
- पितळी रिंगच्या बॉक्सला जीएल-4 ऑइल टाका.

इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आरसीवर नोंद लागते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंद नसेल तर अपघातात विम्याची अडचण होऊ शकते.

जड गिअरची गाडी सपाट रस्त्याला ओरडते, डिझेल जास्त पिते. मान्य. पण नंदुरबारला अर्धा तास उशिरा पोचलेलं चालतं. घाटात गिअर निसटलेला चालत नाही.

आणि पोत्यांवर पोरं बसवू नका. हे मी शिकलो, तुम्ही वाचूनच शिका.